विद्युत् शक्तिनियमन, सदृश व अंकीय

विद्युत् उगमाकडून मिळणारी शक्ती उपकरणाला योग्य त्या दाबाने, योग्य त्या प्रमाणात व योग्य त्या वेळी पुरविणे आणि ती पुरविताना होणारा अपव्यय शक्य तितका कमी ठेवणे, या क्रियेस विद्युत् शक्तिनियमन असे म्हणतात. नियमन करणाऱ्या मंडलात दाब, प्रवाह इ. राशी सलगपणे बदलणाऱ्या विद्युत् राशींच्याच रूपात ताडून पाहिल्या जात असतील, तर ते नियमन सदृश किंवा ॲनॅलॉग होय. याच राशी ठराविक कालांतराने मोजून त्यांचे अंकांत रूपांतर केले जात असेल आणि पुढील निर्णय गणिती क्रियेने घेतला जात असेल, तर ते नियमन अंकीय किंवा डिजिटल होय.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत व त्यानंतर बहुतेक क्षेत्रांत पहिल्या पद्धतीची जागा दुसरीने घेतली. या स्थित्यंतरात दोन भिन्न बदल एकवटलेले आहेत. जादा शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया घालविण्याऐवजी ती लहान लहान हप्त्यांत तोडून देणे, हा पहिला बदल होय. हप्ता केवढा असावा हे विद्युत् मंडलाच्या रचनेने ठरण्याऐवजी गणनेने ठरणे, हा दुसरा बदल होय. ऊर्जेची मोठी बचत प्रामुख्याने पहिल्या बदलामुळे होते. दुसऱ्यामुळे नियामकाला स्मृती, संदेशवहन व परिस्थितीप्रमाणे वर्तन बदलण्याची क्षमता प्राप्त होते. हे दोन्ही बदल पुष्कळदा एकाच नावाखाली सांगितले जात असल्याने अंकीय तंत्राला त्याने न केलेल्या कामाचेही श्रेय मिळते आणि त्याचे खरे सामर्थ्य व त्याचे खरे धोके दुर्लक्षित राहतात.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसरात लोहमार्ग, कारखाने व दाट नागरी वस्ती या तिन्ही प्रकारच्या वीजवापराची उदाहरणे लगतलगत आढळतात. त्यामुळे हे स्थित्यंतर समजून घेण्यास हा परिसर सोयीचा आहे.

परिसर : मुंबईपासून सु. ५४ किमी. अंतरावरील कल्याण स्थानकाहून कर्जतकडे जाताना विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही स्थानके क्रमाने लागतात. या लोहमार्गाचा कल्याण ते पळसदरी हा भाग ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८५६ मध्ये खुला केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणजवळच्या लष्करी तळावर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. कपडे, लाकडी सामान, विद्युत् व इलेक्ट्रॉनीय वस्तू यांचे लहान लहान व्यवसाय तेथे वाढले. लगतच्या शहाड येथे रेयॉनचा मोठा कारखाना आहे. अंबरनाथ येथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रसायने व आगपेट्या यांचे उत्पादन सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर संरक्षण साहित्याची निर्माणी तेथे उभी राहिली. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (स्थापना १९६२) अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक क्षेत्रे विकसित केली. बदलापूरजवळील बारवी धरणातून या पट्ट्याला पाणी मिळते.

सदृश नियमन : याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे भाराच्या एकसरीत जोडलेला बदलता रोधक होय. रोध वाढविला की प्रवाह घटतो, परंतु रोधकावर पडणारा दाब व त्यातून जाणारा प्रवाह यांच्या गुणाकाराइतकी शक्ती उष्णतेत जाते. इलेक्ट्रॉनीय नियामकात रोधकाची जागा ट्रँझिस्टर घेतो. झेनर डायोडासारखा घटक एक स्थिर संदर्भ दाब देतो. भारावरील दाबाचा काही अंश त्याच्याशी ताडून पाहिला जातो. दोहोंतील फरक विवर्धकाने वाढवून ट्रँझिस्टराकडे पाठविला जातो व ट्रँझिस्टराचा परिणामी रोध आपोआप कमीजास्त होतो. फलाचा अंश नियंत्रणासाठी मागे पाठविण्याच्या या युक्तीस पुनःप्रदाय म्हणतात. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात असे संपूर्ण नियामक एकाच संकलित मंडलात मिळू लागले आणि १९७० नंतर तीन अग्रांचे नियामक रेडिओ, ध्वनिमुद्रक, मोजमापाची उपकरणे इत्यादींत सर्वत्र रुळले.

या पद्धतीचे गुण म्हणजे साधेपणा, अत्यंत शीघ्र प्रतिसाद व फलात विद्युत् गोंगाट जवळजवळ नसणे हे होत. तिचा दोष मूलभूत आहे. १२ व्होल्ट दाबाच्या उगमापासून ५ व्होल्ट दाबाने १ अँपिअर प्रवाह घ्यावयाचा असेल, तर भाराला ५ वॉट मिळतात व ७ वॉट नियामकातच उष्णतेत जातात. म्हणजे कार्यक्षमता ४२ टक्क्यांच्या आसपास राहते. उत्तम प्रतीचे घटक वापरूनही हा व्यय टळत नाही, कारण जादा शक्ती जाळणे हीच या नियामकाची कार्यपद्धती होय.

खंडित नियमन : स्विच पूर्ण चालू असताना त्यावर दाब जवळजवळ नसतो आणि पूर्ण बंद असताना त्यातून प्रवाह नसतो; दोन्ही अवस्थांत त्यात वाया जाणारी शक्ती अत्यल्प असते. म्हणून शक्ती अडविण्याऐवजी ती सेकंदाला हजारो वेळा तोडून व जोडून दिली आणि प्रवर्तक व धारित्र यांच्या साहाय्याने ते हप्ते सलग केले, तर दाब हवा तितका उतरविता येतो आणि तापही फारसा होत नाही. वरील उदाहरणात स्विच प्रत्येक आवर्तनाच्या सु. ४२ टक्के काळ चालू ठेवल्यास १२ व्होल्टांपासून ५ व्होल्ट मिळतात. चालू अवस्थेचा काळ कमीजास्त करण्याच्या या तंत्रास स्पंदरुंदी विरूपण म्हणतात. अशा नियामकांची कार्यक्षमता ८० ते ९५ टक्क्यांपर्यंत जाते.

या तंत्राची प्रगती अर्धसंवाहक स्विचांवर अवलंबून होती. १९५७ मध्ये थायरिस्टर तयार झाला. त्याने मोठी शक्ती हाताळता येत असे, परंतु एकदा चालू झाल्यावर तो एकदिश प्रवाहाच्या मंडलात सहजी बंद करता येत नसे. १९७० नंतरच्या दशकात क्षेत्र-परिणामी शक्ति-ट्रँझिस्टर व्यवहारात आले. १९८० नंतरच्या दशकात निरोधित-द्वार द्विध्रुवी ट्रँझिस्टर, म्हणजेच आयजीबीटी, व्यवहारात आला. भारतात जन्मलेले व मद्रासच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत शिकलेले अभियंते बी. जयंत बालिगा यांचा त्याच्या विकासात प्रमुख वाटा आहे. हजारो व्होल्ट दाब व शेकडो अँपिअर प्रवाह लहानशा नियंत्रक संकेताने चालू आणि बंदही करता येणे, हे या घटकाचे वैशिष्ट्य होय.

खंडित नियमन म्हणजे अंकीय नियमन नव्हे. १९७६ च्या सुमारास बाजारात आलेल्या स्पंदरुंदी नियंत्रकांच्या संकलित मंडलांत स्विच खंडित रीतीने चालत असला, तरी तो केव्हा बंद करावयाचा हे करवतीच्या दात्यांसारख्या आकाराचा दाब व दोषदर्शक दाब यांची सलग तुलना करून ठरत असे. म्हणजे क्रिया खंडित परंतु निर्णय सदृश, अशी ही मधली पायरी होती. संगणक, दूरचित्रवाणी संच इत्यादींचे शक्तिपुरवठे दीर्घकाळ याच प्रकारचे होते आणि स्वस्त उपकरणांत ते अद्यापि आढळतात.

अंकीय नियमन : यात दाब व प्रवाह यांचे नमुने ठराविक अंतराने घेऊन सदृश-अंकीय परिवर्तकाने त्यांचे द्विमान अंकांत रूपांतर केले जाते. सूक्ष्मप्रक्रियक इष्ट मूल्य व मोजलेले मूल्य यांतील फरक काढतो आणि तो फरक, त्याची आजवरची बेरीज व त्याच्या बदलाचा वेग या तिहींना योग्य गुणकांनी गुणून पुढील स्पंदाची रुंदी ठरवितो. सदृश मंडलात हेच गुणक रोधक व धारित्र यांच्या मूल्यांत बांधलेले असतात. ते बदलण्यासाठी घटक काढून नवे जोडावे लागतात आणि वय व तापमान यांनुसार ते आपोआपही सरकतात. अंकीय नियामकात हे गुणक स्मृतीत साठविलेल्या संख्या असतात. त्या सरकत नाहीत, भार बदलल्यास चालू कामातच बदलता येतात आणि एकाच रचनेची मंडले वेगवेगळ्या कामांसाठी वापरता येतात.

या लाभांची किंमत काळाच्या स्वरूपात मोजावी लागते. नमुना घेणे, रूपांतर व गणना यांत विलंब होतो आणि नियंत्रणात विलंब म्हणजे अस्थैर्याचा संभव. शिवाय रुंदीच्या पायऱ्या मर्यादित असतात. सेकंदाला १ लक्ष वेळा चालणाऱ्या नियामकाचा आवर्तनकाळ १० मायक्रोसेकंद असतो. त्याचे १,००० समान भाग करावयाचे तर १० नॅनोसेकंदांची कालगणना, म्हणजे १०० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे घड्याळ लागते. रुंदीच्या पायऱ्या मोजमापाच्या पायऱ्यांहून ठळक असल्यास नियामकाला अचूक मूल्य कधीच सापडत नाही व फलदाब दोन पायऱ्यांमध्ये सतत हेलकावे खातो. या अडचणींमुळे १९७१ मध्ये सूक्ष्मप्रक्रियक उपलब्ध होऊनही तो प्रथम मंद गतीच्या मोठ्या यंत्रांच्या नियंत्रणात शिरला. लहान व शीघ्र शक्तिपुरवठ्यांत तो शीघ्र अंकीय संकेत-प्रक्रियक स्वस्त झाल्यावर, मुख्यत्वे २००० नंतर रुळला.

नियामक अंकांत बोलू लागल्यावर त्यांना एकमेकांशी जोडणे शक्य झाले. शक्तिपुरवठ्यांना आज्ञा देण्यासाठी व त्यांच्याकडून दाब, प्रवाह, तापमान आणि दोष यांची माहिती घेण्यासाठी पीएमबस ही प्रमाणित संदेशपद्धती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. संगणकाच्या प्रक्रियकांत तर शक्तिनियमन हा गणनेचाच एक भाग झाला. अशा मंडलांत बदलत्या अवस्थांमुळे खर्च होणारी शक्ती दाबाचा वर्ग व कंप्रता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. दोन्ही २० टक्क्यांनी उतरविल्यास ती जवळजवळ निम्म्यावर येते. काम कमी असताना दाब व वेग एकदम उतरविण्याच्या या युक्तीमुळेच सुवाह्य संगणक व भ्रमणध्वनी विद्युत् घटमालेवर दीर्घकाळ चालू शकतात.

लोहमार्गावरील स्थित्यंतर : मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विद्युत् रेल्वे सुरू झाली. त्यासाठी १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाह वापरण्यात आला. काही वर्षांतच विद्युतीकरण कल्याणपर्यंत आले आणि १९३० पर्यंत पुणे व इगतपुरी येथवर पोहोचले. रेल्वेने कल्याणजवळ ठाकुर्ली येथे स्वतःचे वीजनिर्मिती केंद्रही उभारले. अंबरनाथ व बदलापूर या स्थानकांवरून धावणाऱ्या विद्युत् गाड्यांत त्यानंतर सु. आठ दशके मुख्यतः रोधकांनी नियमन होत असे.

एकसरी गुंडाळीच्या चलित्राला सुरुवातीसच पूर्ण दाब दिल्यास अतिरिक्त प्रवाहाने ते जळेल. म्हणून प्रथम चलित्रांच्या एकसरीत रोधक घालून गाडी हलवीत. वेग वाढे तसतसे एकापाठोपाठ एक रोधक वगळले जात आणि पुढे चलित्रांची जोडणीही एकसरीतून समांतर केली जाई. फक्त रोधकांवर विसंबल्यास आरंभकाळात घेतलेल्या ऊर्जेपैकी निम्मी रोधकांत जाते. एकसर-समांतर जोडणीने हा व्यय तात्त्विकदृष्ट्या एक-तृतीयांशापर्यंत उतरतो. लांब पल्ल्याच्या गाडीत हे नुकसान प्रवासात क्वचितच होते. कल्याण ते अंबरनाथ या सु. ६ किमी. अंतरात मात्र उपनगरी गाडी दर दोन किमी.च्या सुमारास थांबते आणि ते प्रत्येक वेळी नव्याने होते.

थांबतानाचा व्यय याहून मोठा असतो. प्रवाशांसह ७०० टन वजनाची गाडी ताशी ७२ किमी. वेगाने जात आहे असे मानल्यास तिची गतिज ऊर्जा सु. १४ कोटी जूल, म्हणजे जवळजवळ ३९ किलोवॉट-तास भरते. घरगुती वीजदेयकाच्या भाषेत ही ३९ युनिटे होत. साध्या घर्षणरोधकाने गाडी थांबविली की ही सर्व ऊर्जा चाके व रोधकठोकळे तापविण्यात जाते. महिन्याला १०० युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाची महिन्याची गरज अशा तीन थांब्यांत संपते.

उतारावर चलित्रांकडून जनित्राचे काम करून घेऊन वीज परत तारेत सोडण्याची कल्पना जुनीच आहे. भोर घाटातील एकदिश प्रवाहाच्या काळातील मालगाडी-एंजिनांत ती सोय होती. परंतु थोड्या थोड्या अंतरावर थांबणाऱ्या गाडीत झपाट्याने बदलणारा वेग, तारेतील दाब व चलित्राचे चुंबकीय क्षेत्र यांचा मेळ हाताने वा यांत्रिक खटक्यांनी घालणे अवघड होते.

ही अडचण आयजीबीटी व सूक्ष्मप्रक्रियक यांच्या जोडीने दूर झाली. मुंबई उपनगरी सेवेत २००७ पासून मुंबई रेल्वे विकास महामंडळाच्या प्रकल्पातून नव्या गाड्या आल्या. त्यांत एकसरी चलित्रांऐवजी त्रिकला प्रवर्तन चलित्रे आहेत. या चलित्रात घासणारे कार्बन ठोकळे व दिक्‌परिवर्तक नसतात, त्यामुळे त्याची देखभाल कमी असते. परंतु त्याचा वेग बदलण्यासाठी दाब व कंप्रता ही दोन्ही एकाच वेळी बदलावी लागतात. सदृश मंडलांनी हे काम समाधानकारकपणे करणे अतिशय कठीण असते. नियंत्रक संगणक चलित्रातील प्रवाहांचे नमुने सतत घेऊन पुढील क्षणी कोणता स्विच किती काळ उघडा ठेवावा हे ठरवितो. थांबताना तोच संगणक कंप्रता चलित्राच्या वेगाशी जुळणाऱ्या कंप्रतेपेक्षा किंचित कमी ठेवतो. मग चलित्र जनित्र बनते व वीज तारेकडे परत वाहू लागते. अशा रीतीने घेतलेल्या ऊर्जेपैकी सु. ३० टक्क्यांपर्यंत ऊर्जा परत मिळू शकते. म्हणजे लोहमार्गावर पहिला व दुसरा असे दोन्ही बदल एकाच वेळी आले. मधली पायरी नेहमीच्या उपनगरी गाड्यांत फारशी रुजली नाही.

याच काळात तारेतील वीजही बदलली. १,५०० किलोवॉट शक्ती १,५०० व्होल्ट दाबाने न्यावयाची तर १,००० अँपिअर प्रवाह लागतो. २५,००० व्होल्ट दाबाने ६० अँपिअर पुरतो. तारेतील व्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने त्याच तारेत तो सु. २७८ पटींनी घटेल. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाकडे जाण्याचे काम टप्प्याटप्प्याने होऊन जून २०१५ मध्ये मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण झाले. हार्बर मार्गावर ते एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण झाले. संक्रमणकाळात दोन्ही प्रकारच्या प्रवाहांवर चालू शकणाऱ्या गाड्या आवश्यक होत्या. परत दिल्या जाणाऱ्या विजेच्या दृष्टीनेही हा बदल महत्त्वाचा ठरला. एकदिश प्रवाहाच्या उपकेंद्रातील साधा एकदिशकारक वीज उलट दिशेने जाऊ देत नाही. त्यामुळे ती घेणारी दुसरी गाडी जवळ नसेल, तर ती रोधकांतच जाळावी लागते. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या पद्धतीत ती रोहित्रातून पुरवठा करणाऱ्या जालकापर्यंत जाऊ शकते. [⟶ विद्युत् कर्षण].

प्रेषण व कारखाने : भिवंडी तालुक्यातील पडघे येथे चंद्रपूरहून येणाऱ्या सु. ७५२ किमी. लांबीच्या ५०० किलोव्होल्ट एकदिश दाबाच्या वाहिनीचे टोक आहे. १,५०० मेगॅवॉट क्षमतेची ही वाहिनी १९९९ च्या सुमारास कार्यान्वित झाली. विदर्भातील औष्णिक वीज राज्याच्या पश्चिम टोकाला आणणे हा तिचा उद्देश होय. वाहिनीच्या दोन्ही टोकांस थायरिस्टरांच्या रांगा असून ते चालू करण्याचा क्षण किंचित मागेपुढे केला की वाहिनीतून जाणारी शक्ती बदलते.

कारखान्यांत पंखे व पंप यांचे नियमन हे सर्वांत फलदायी ठरले आहे. पंप पूर्ण वेगाने चालवून झडपेने पाणी अडविणे हे रोधकाने वीज अडविण्यासारखेच होय. पंपाला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात असल्याने, वेग ८० टक्के केल्यास शक्ती सु. ५१ टक्क्यांवर येते. म्हणून रसायन, कापड व पाणीपुरवठा या उद्योगांत कंप्रता बदलणारे चालक बसविले जातात. रेयॉनच्या धाग्याची जाडी एकसारखी राहण्यासाठी द्रावणाचा पंप व धागा ओढणारे रूळ यांच्या वेगांचे प्रमाण स्थिर असावे लागते. पूर्वी दंतचक्रांनी बांधलेले हे प्रमाण आता संख्येने राखता येते.

याच परिसरातील काही परिस्थिती इलेक्ट्रॉनीय नियामकांना प्रतिकूलही आहे. व्हिस्कोज रेयॉनच्या निर्मितीप्रक्रियेत हायड्रोजन सल्फाइड वायू उत्पन्न होतो आणि त्याचा अल्पांशही तांबे व चांदी यांवर सल्फाइडाचा थर चढवितो. पूर्वीच्या जाड तारा व मोठ्या स्पर्शकांना त्याने विशेष बाधा येत नसे. बारीक तांब्याच्या रेषांची मंडले मात्र त्याने निकामी होतात. उल्हास नदीच्या पुराने २००५ व २०१९ साली बदलापूर परिसरात मोठी हानी केली. पाण्याखाली गेलेले साधे चलित्र वाळवून पुन्हा चालविता येते. त्याच्या नियामकाच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही. म्हणून असे नियामक उंचावर व गाळलेल्या हवेच्या बंदिस्त पेट्यांत ठेवणे आवश्यक असते.

घरगुती वापर : दाबातील चढउतारांपासून शीतकपाट, दूरचित्रवाणी संच इत्यादींचे रक्षण करणारा दाबस्थिरक, म्हणजे स्टॅबिलायझर, हे घरांतील परिचित नियामक होय. यात रोहित्राच्या गुंडाळीवर अनेक टप्पे काढलेले असतात व दाब ठराविक मर्यादेबाहेर गेला की विद्युत् चुंबकीय खटका टप्पा बदलतो. पूर्वी ही मर्यादा तुलनाकारक मंडलातील एका लहान बदलत्या रोधकाने ठरवीत. आता सूक्ष्मनियंत्रक ती संख्येच्या रूपात साठवितो आणि वीज परतल्यावर काही मिनिटे थांबून मगच पुरवठा सुरू करतो. २००५ नंतर काही वर्षे राज्यात झालेल्या भारनियमनाने घरोघरी विद्युत् घटमालेवर चालणारे इन्व्हर्टर आले. सुरुवातीच्या स्वस्त प्रकारांचे फल चौकोनी तरंगाचे असे व त्यावर पंखे गुणगुणत. अंकीय प्रकारात ज्या-वक्राची मूल्ये स्मृतीत कोष्टकरूपाने असतात आणि तीनुसार स्पंदांची रुंदी बदलून शुद्ध तरंग तयार केला जातो. घटमालेचे प्रभारणही तापमान व तिची अवस्था पाहून टप्प्याटप्प्याने होते, त्यामुळे तिचे आयुष्य वाढते.

वीजमापकातही असाच बदल झाला. जुन्या मापकातील ॲल्युमिनियमाची तबकडी वापरलेल्या शक्तीच्या प्रमाणात फिरत असे. इलेक्ट्रॉनीय मापक दाब व प्रवाह यांचे नमुने घेऊन त्यांच्या गुणाकारांची बेरीज करतो. तबकडीच्या घर्षणात हरवणारा अल्पसा वापर त्यात नोंदला जातो. महत्तम मागणी, पुरवठा खंडित झाल्याची वेळ व मापकाशी केलेली छेडछाड यांचीही तो नोंद ठेवतो. परंतु फिरणारी तबकडी ग्राहकाला डोळ्यांनी दिसत असे व तिचे फेरे मोजून मापकाची परीक्षा करता येत असे. अंकीय मापकात ते काम लुकलुकणाऱ्या दिव्याचे स्पंद मोजून करावे लागते आणि आतील गणना पाहता येत नाही. म्हणून अशा मापकांच्या बाबतीत स्वतंत्र व सुलभ तपासणीची व्यवस्था ही तांत्रिक अचूकतेइतकीच महत्त्वाची ठरते. [⟶ वीजमापक].

दुरुस्ती व कौशल्य : सदृश नियामकातील दोष बहुधा एखाद्या घटकात असतो. जळालेला रोधक, फुगलेला धारित्र किंवा निकामी ट्रँझिस्टर हे बहुमापक व अनुभव यांच्या बळावर शोधता येतात व बाजारातील घटकाने बदलता येतात. उल्हासनगरसारख्या ठिकाणच्या लहान कार्यशाळांचे कौशल्य अशाच कामांतून वाढते. अंकीय नियामकात सर्व घटक सुस्थितीत असूनही दोष कार्यक्रमात असू शकतो आणि तो कार्यक्रम बहुधा निर्मात्याने कुलूपबंद केलेला असतो. मग दुरुस्ती म्हणजे संपूर्ण मंडल बदलणे असा अर्थ होतो. यंत्र स्वतःच आपला दोष सांगते हा मोठा लाभ आहे, परंतु ते ज्या संकेतांत सांगते त्यांची माहिती दुरुस्ती करणाऱ्यास उपलब्ध असेल, तरच त्याचा उपयोग होतो. ऊर्जेची बचत व दुरुस्तीचे स्वातंत्र्य यांतील हा ताण केवळ तंत्रविद्येने सुटणारा नाही; त्यासाठी तांत्रिक माहिती खुली असणे व तंत्रशिक्षणात कार्यक्रमलेखनाचा समावेश असणे आवश्यक आहे.

मर्यादा : सदृश तंत्र नाहीसे झालेले नाही. दाब, प्रवाह व तापमान या निसर्गतः सलग राशी असल्याने मापनाचा पहिला टप्पा सदृशच राहतो. सूक्ष्म संकेत हाताळणाऱ्या वैद्यकीय व ध्वनिविषयक उपकरणांत गोंगाटविरहित सदृश नियामकच शेवटचा दाब देतो. आयजीबीटीतून लघुमंडलाचा प्रवाह वाहू लागल्यास तो सामान्यतः १० मायक्रोसेकंदांच्या आसपास टिकतो. एवढ्या अवधीत गणनेवर विसंबणे धोक्याचे असल्याने तो बंद करण्याचे काम स्वतंत्र, सलग तुलना करणाऱ्या मंडलाकडे सोपविलेले असते. खंडित नियमनामुळे प्रवाहात मूळ कंप्रतेच्या पटीतील घटक शिरून रोहित्रे तापतात व संदेशवहनात व्यत्यय येतो, म्हणून गाळण्या वापराव्या लागतात. व्यवहारातील प्रत्येक मोठा नियामक अशा प्रकारे मिश्र असतो : रक्षण व मापन सदृश, शक्तीचे वहन खंडित आणि निर्णय व नोंद अंकीय.